वेब सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळा कसा काढायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ग्राहकांना ऑर्डरची स्थिती दाखवणारं पोर्टल ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालतंय. राउटरवर ४४३ पोर्ट फॉरवर्ड केलेलं आहे, म्हणजे बाहेरून साइटसाठी येणारी मागणी राउटर थेट या सर्व्हरकडे पाठवतो. आणि टॅली, फाइल शेअर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) हे सगळं ज्या स्विचला जोडलंय, त्याच स्विचला हा सर्व्हरही लावलेला आहे. छोट्या कारखान्यांत, पतसंस्थांत, कॉलेजांत हे सर्रास दिसतं. साइट उघडली, वेंडरने बिल लावलं, पुढे कोणी बघितलं नाही.

जगाला उघडा असलेला सर्व्हर कधीतरी फुटतो, म्हणजे कोणीतरी चोर त्यात शिरतो, हे धरूनच चालावं. वर्डप्रेसचं जुनं प्लगइन असेल, डेव्हलपर विसरून गेलेलं अ‍ॅडमिन पान असेल, फाइल अपलोडमध्ये राहिलेली फट असेल. त्या दिवशी प्रश्न एकच उरतो: त्या सर्व्हरवर येऊन बसलेल्या चोराला तिथून पुढे कुठे कुठे जाता येतं?

अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या लोकांची कर्जाची पत नोंदवणाऱ्या कंपनीचं २०१७ चं प्रकरण यासाठीच वाचण्यासारखं आहे. चोर शिरले ते ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या पोर्टलमधून. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीचा फायदा त्यांनी घेतला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. तो लावला गेला नव्हता. पण खरा घोटाळा पुढे आहे. त्या पोर्टलला कामापुरते तीनच डेटाबेस लागत होते. ते बाकीच्यांपासून वेगळं काढलेलं नसल्यामुळे चोरांना आणखी ४८ डेटाबेस हाती लागले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. पॅच राहणं कुठेही होऊ शकतं. ते ४८ डेटाबेस मात्र वाचवता आले असते.

खालचं सगळं तीस-चाळीस संगणकांच्या ऑफिसला धरून लिहिलं आहे.

## १. हाताशी काय काय हवं

- तीन तरी झोन (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नेटवर्कचे भाग) करता येतील असा फायरवॉल. पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, मायक्रोटिक, फोर्टिगेट, सोफॉस, काहीही चालेल. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला डबा चालणार नाही.
- मॅनेज्ड स्विच, ८०२.१क्यू व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडायची सोय) करता येणारा. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर हे काम होत नाही.
- स्टॅटिक पब्लिक आयपी. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे; आधी कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या.
- फायरवॉलच्या आणि स्विचच्या सध्याच्या सेटिंगचा बॅकअप, पेनड्राइव्हवर. कन्सोल केबल.
- अ‍ॅप्लिकेशनला कोणते पोर्ट लागतात याची वेंडरकडून लेखी यादी.
- साहेबांची परवानगी, तीही मेलवर. रविवारची वेळ मागून घ्या आणि महिन्याची २० तारीख जवळ असेल तर थांबा. जीएसटी भरायच्या दिवशी टॅली बंद पडली तर अकाउंट्सवाले तुमचं ऐकून घेणार नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरगुती राउटरमध्ये ‘डीएमझेड’ नावाचा एक पर्याय असतो. एक आयपी टाकायचा, सेव्ह करायचं. त्याने वेगळा झोन वगैरे काही होत नाही. बाहेरून येणारं सगळं त्या एका मशीनकडे ढकललं जातं, आणि ते मशीन असतं तुमच्या आतल्याच नेटवर्कमध्ये. म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलट. चालू असेल तर आजच बंद करा.

## २. कोण कोणाला हाक मारतं ते कागदावर उतरवा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची पायरी. प्रत्येक संवादासाठी एक ओळ लिहा: सुरुवात कोणी केली, कोणाकडे, कोणत्या पोर्टवर, कशासाठी.

यातला ‘सुरुवात कोणी केली’ हा रकाना पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. आजचे फायरवॉल जोडणीची आठवण ठेवतात. आतून बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर ते आपोआप परत येऊ देतात, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. म्हणून ‘पोर्टल आणि ऑफिस एकमेकांशी बोलतात’ असं लिहून काही उपयोग नाही. ऑफिसातला संगणक पोर्टल उघडतो, ही एक गोष्ट. पोर्टलचा सर्व्हर ऑफिसातल्या संगणकाला हाक मारतो, ही अगदी वेगळी गोष्ट, आणि जवळजवळ कधीच न लागणारी.

वेंडरला विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं: “सर, आत्ता सगळं ओपन ठेवा, नंतर बंद करू.” ते ‘नंतर’ काही येत नाही. त्यापेक्षा फायरवॉलवर सर्व्हरची वाहतूक तात्पुरती पूर्ण चालू ठेवा, पण लॉग चालू करा आणि त्यात काय दिसतं ते बघा. अर्थात सर्व्हर आणि बाकीचे एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच पट्ट्यात) असतील तर त्यांची वाहतूक फायरवॉलपर्यंत येतच नाही, स्विचवरच वळते. अशा वेळी सर्व्हरवरच नेटस्टॅट किंवा एसएस ही कमांड चालवून जोडण्या बघा. महिनाअखेर या निरीक्षणात आली पाहिजे. पगाराची फाइल, स्टॉकचा रिपोर्ट असल्या गोष्टी तेव्हाच उगवतात.

## ३. झोन आणि पत्ते ठरवा

माझी नेहमीची मांडणी:

- व्हीलॅन १०, ऑफिसातले संगणक: १०.२०.१०.०/२४
- व्हीलॅन २०, आतले सर्व्हर (टॅली, फाइल, डेटाबेस): १०.२०.२०.०/२४
- व्हीलॅन ३०, बाहेरून दिसणारे सर्व्हर: १०.२०.३०.०/२४
- व्हीलॅन ४०, कॅमेरे आणि हजेरी: १०.२०.४०.०/२४
- व्हीलॅन ९९, स्विच, फायरवॉल, व्हर्च्युअल मशीनचे होस्ट यांची व्यवस्था: १०.२०.९९.०/२४

व्हीलॅनचा आकडा पत्त्यातच दिसतो, त्यामुळे लॉग वाचताना डोकं खाजवावं लागत नाही. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे सबनेट मुद्दाम टाळा. निम्म्या घरांतल्या राउटरांवर तेच असतात, आणि घरून व्हीपीएनने जोडणाऱ्याचा फाइल सर्व्हर मग ‘सापडत नाही’.

व्हीलॅन ३० म्हणजेच ज्याला सगळे डीएमझेड म्हणतात ते. मी फायरवॉलवर त्याला ‘ओसरी’ असं नाव देतो. आलेल्याला तिथे बसवायचं, माजघरात न्यायचं नाही, हे पुढच्या माणसालाही न सांगता समजतं. या लेखातही तेच नाव वापरतो.

डेटाबेस ओसरीत ठेवायचा नाही. वेब सर्व्हर तिथे, डेटाबेस व्हीलॅन २० मध्ये, मधे फायरवॉल. जमत असेल तर पोर्टलच्या डेटाबेसला टॅलीपासूनही वेगळं, स्वतःचं व्हीलॅन द्या. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर फोडायला वेळ लागेल, पण फोडा.

## ४. स्विच

वेब सर्व्हरचा पोर्ट अ‍ॅक्सेस (एकाच व्हीलॅनचा), फक्त व्हीलॅन ३०. फायरवॉलकडे जाणारा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारा), त्यावर लागणारेच व्हीलॅन. व्हीलॅन १ कशालाच वापरू नका, ट्रंकचं नेटिव्ह व्हीलॅनही (शिक्का नसलेली वाहतूक ज्यात पडते ते) दुसरं रिकामं ठेवा. न वापरलेले पोर्ट बंद.

हातात थोडे पैसे असतील तर ओसरीसाठी आठ पोर्टचा वेगळा स्विच घ्या आणि तो फायरवॉलच्या वेगळ्या पोर्टला लावा. व्हीलॅन नीट केले तर पुरतात, पण वर्षभराने कोणीतरी घाईत केबल भलत्याच पोर्टला लावतं. वेगळा स्विच असला की ती चूक डोळ्यांना दिसते.

दोन सापळे इथे हमखास असतात.

पहिला, दोन नेटवर्क कार्डं. सर्व्हरला मागे दोन पोर्ट असतात, मग एक ओसरीला आणि दुसरं ‘बॅकअप जलद व्हावा म्हणून’ आतल्या स्विचला लावलं जातं. झालं, फायरवॉलला वळसा घालणारी वाट तयार. सर्व्हर फुटला की ते दुसरं कार्ड चोराचं.

दुसरा, व्हर्च्युअल मशीन. एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं प्रॉक्समॉक्स किंवा ईएसएक्सआय वापरत असाल तर वेब सर्व्हरचं मशीन ओसरीत आणि होस्टचं लॉगिन पान व्हीलॅन ९९ मध्ये, असंच असायला हवं. सर्व्हरच्या मागचा आयपीएमआय किंवा आयड्रॅकचा (लांबून सर्व्हर सांभाळायचा) पोर्टही ९९ मध्येच. तो पोर्ट चालू मशीनची स्क्रीन आणि पॉवर बटण दोन्ही देतो, तरी ऑफिसच्या नेटवर्कात मोकळा पडलेला दिसतो.

## ५. फायरवॉलचे नियम

सूत्र एवढंच: ओसरीतून आत जोडणी सुरू होत नाही. अपवाद असेल तर तो एका मशीनपासून एका मशीनकडे, एका पोर्टवर.

पीएफसेन्समध्ये वाहतूक ज्या इंटरफेसवरून फायरवॉलमध्ये *शिरते*, तिथला नियम लागतो, आणि वरून खाली वाचताना जो पहिला जुळतो तोच चालतो. नवीन इंटरफेसवर सुरुवातीला एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद असतं. लॅनवर (आतल्या नेटवर्कच्या इंटरफेसवर) मात्र ‘सगळीकडे जाऊ द्या’ हा नियम आधीपासून असतो. नवीन माणूस ओसरीवर काहीच चालत नाही म्हणून वैतागतो आणि तो लॅनचा नियम तिकडे कॉपी करतो. तिथेच सगळी मेहनत पाण्यात जाते.

ओसरीच्या इंटरफेसवर नियम याच क्रमाने लावा:

1. ओसरीतून फायरवॉलच्या ओसरीतल्या पत्त्यावर ५३ (डीएनएस) आणि १२३ (वेळ): चालू
2. ओसरीतून फायरवॉलवर बाकी काहीही: बंद
3. वेब सर्व्हरकडून डेटाबेस सर्व्हरला ३३०६, किंवा पोस्टग्रेस असेल तर ५४३२, एसक्यूएल सर्व्हर असेल तर १४३३: चालू
4. ओसरीतून ‘आतले सगळे’: बंद, लॉगसह
5. वेब सर्व्हरकडून बाहेरच्या ठरावीक ठिकाणी ४४३: चालू
6. उरलेलं सगळं: बंद, लॉगसह

दुसरा नियम लोक विसरतात. फायरवॉलला प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्वतःचा एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर त्याचं लॉगिन पान उघडतं. ओसरीतल्या सर्व्हरवरून १०.२०.३०.१ उघडून बघा. पान दिसलं तर दरवाजाची किल्ली ओसरीतच टांगलेली आहे.

चौथ्या नियमातला ‘आतले सगळे’ हा एक गट बनवायचा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे तीन खासगी पत्त्यांचे पट्टे. उद्या नवीन व्हीलॅन काढलंत तरी ते आपोआप यात येतं. हा नियम नसताना इंटरनेटसाठी म्हणून ‘एनी’ला परवानगी दिली की गोंधळ होतो. ‘एनी’ म्हणजे इंटरनेट नव्हे. त्यात तुमची टॅलीही आली.

पाचव्या नियमावरून वेंडर भांडेल. सर्व्हरला बाहेर जायला मोकळीक कशाला लागते? अपडेट, पेमेंट गेटवे, एसएमएसवाला. बास. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रामांत लॉग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची त्रुटी निघाली तेव्हा हल्ल्याची नेहमीची रीत अशी होती: लॉगमध्ये एक ओळ घुसवायची, आणि तुमच्या सर्व्हरनेच बाहेर जाऊन चोराच्या मशीनवरून कोड आणायचा. बाहेरची वाट बंद असलेल्या सर्व्हरवर ही रीत तिथेच अडते. अपडेटचे आयपी सारखे बदलतात ही तक्रार खरी आहे. पीएफसेन्सच्या गटात आयपीऐवजी डोमेनचं नाव टाकता येतं, आणि तेही अपुरं पडलं तर स्क्विडसारखा प्रॉक्सी (मागण्या स्वतः पुढे नेणारा मध्यस्थ) मधे ठेवून डोमेननुसार परवानगी द्या.

बाकीचे नियम सोपे आहेत. वॅनवर ४४३ आणि ८० वेब सर्व्हरकडे; ८० ठेवायचं ते ४४३ कडे वळवण्यासाठी आणि लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट मिळणारं) एचटीटीपीएस प्रमाणपत्र त्या पोर्टवरून घेत असाल तर त्यासाठी. ऑफिसकडून ओसरीला ४४३ सगळ्यांना, २२ फक्त तुमच्या मशीनवरून. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ आणि फाइल शेअरचं ४४५ बाहेरून कधीही उघडू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो ४४५ वरूनच.

डेटाबेसच्या बाजूनेही एक कडी लावा. पोर्टलचा डेटाबेस-युजर फक्त वेब सर्व्हरच्याच पत्त्यावरून येऊ शकेल आणि त्याला त्याच डेटाबेसपुरते हक्क असतील, असं करा. पोर्टलच्या कोडमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची (फॉर्ममधून डेटाबेसला हुकूम घुसवता येण्याची) फट असेल तर तिसऱ्या नियमातून ते आरामात आत जातं. फायरवॉल ते अडवत नाही.

## ६. मागच्या वाटा

नियम बरोबर असूनही भिंतीला भोकं राहतात, ती इथून.

बॅकअप. वेब सर्व्हरने आतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) बॅकअप ढकलायचा, ही सवय मोडा. आतल्या बॅकअप मशीनने ओसरीत जाऊन तो ओढून आणायचा. दिशा उलटली की ओसरीला आतलं काहीच उघडावं लागत नाही, आणि रॅन्समवेअर आलंच तर बॅकअप त्याच्या हाताला लागत नाही.

विंडोज डोमेन. ओसरीतला सर्व्हर ऑफिसच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (सगळ्यांची लॉगिन एकत्र सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेला) जोडू नका. डोमेनसाठी इतके पोर्ट उघडावे लागतात की झोन नावापुरताच उरतो. त्या सर्व्हरचे पासवर्डही वेगळे ठेवा, आतल्या कुठल्याच मशीनशी न जुळणारे.

डॉकर. प्रोग्राम वेगळ्या डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं हे साधन. कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला की डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, घालतो. यूएफडब्ल्यूमध्ये (त्याच फायरवॉलच्या सोप्या साधनात) ‘बंद’ लिहिलेलं असतं आणि पोर्ट उघडा असतो. डेटाबेस, रेडिस असलं काही कंटेनरमध्ये असेल तर त्याचा पोर्ट १२७.०.०.१ लाच (म्हणजे त्याच मशीनपुरता) बांधा.

आयपीव्ही६. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर ते आता आपोआप मिळतं. चौथ्या आवृत्तीचे नियम रात्र जागून लावले आणि सहावी मोकळी, असं होतं. वापरत नसाल तर ओसरीत ते देऊच नका. वापरत असाल तर तेच नियम पुन्हा लिहा.

क्लाउडफ्लेअर टनेल (पोर्ट न उघडता क्लाउडफ्लेअरमार्फत साइट बाहेर दाखवायची सोय) आणि तत्सम. ‘एकही पोर्ट उघडलेला नाही, त्यामुळे सुरक्षित’ असं ऐकायला मिळतं. टनेल आतून बाहेर जातो हे खरं, पण बाहेरचा पाहुणा त्यातून शेवटी पोचतो कुठे ते बघा. ते मशीन ऑफिसच्या लॅनमध्ये असेल तर काहीच वेगळं केलेलं नाही. टनेलचं मशीनही ओसरीतच. ओसरीत फक्त प्रॉक्सी ठेवून खरं अ‍ॅप्लिकेशन आत चालवणाऱ्यांनाही हेच लागू: फुटतं ते अ‍ॅप्लिकेशन.

ऑफिसातून साइट न उघडणं. हा धोका नव्हे, पण सोमवारी सकाळी पहिला फोन यासाठीच येईल. आतले लोक डोमेनचं नाव टाकतात, उत्तर पब्लिक आयपीचं येतं आणि वाहतूक फायरवॉलवरच अडते. आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला १०.२०.३०.१० अशी वेगळी नोंद द्या.

## ७. तपासल्याशिवाय झालं म्हणू नका

तपासणी ओसरीतूनच करायची. वेब सर्व्हरवर किंवा त्याच व्हीलॅनमध्ये लावलेल्या लॅपटॉपवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) टाका आणि आतल्या प्रत्येक सबनेटकडे रोखा. पिंगला उत्तर नसलं तरी स्कॅन कर असा पर्याय निवडा, नाहीतर तो ‘मशीन बंद आहे’ म्हणून मोकळा होतो. काहीच न सांगता तो नेहमीचे हजार पोर्ट बघतो. टॅली आणि डेटाबेसच्या सर्व्हरवर सगळे ६५५३५ बघा.

निकालातले शब्द नीट वाचा. ‘फिल्टर्ड’ आलं तर फायरवॉलने गिळलं, छान. ‘ओपन’ फक्त डेटाबेसच्या एका पोर्टवर यावं, तेही वेब सर्व्हरवरून बघितलं तरच. ‘क्लोज्ड’ बघून मात्र लोक खूश होतात आणि फसतात. क्लोज्ड म्हणजे बहुतेक वेळा पॅकेट पलीकडच्या मशीनपर्यंत पोचलं आणि त्या मशीनने स्वतः सांगितलं, इथे कोणी ऐकत नाही. उद्या तिथे काही सुरू झालं की तोच पोर्ट ओपन. (फायरवॉल ‘रिजेक्ट’ करत असेल, म्हणजे नकाराचं उत्तर देत असेल, तरी क्लोज्ड दिसतं. म्हणून आत ‘ड्रॉप’, म्हणजे उत्तर न देता गिळणं, वापरून तपासा.)

नियम लावूनही जुनी जोडणी चालूच राहिलेली दिसली तर गोंधळू नका. आधीपासून उघडी असलेली जोडणी फायरवॉलच्या नोंदवहीत असते आणि नवा नियम तिला लागत नाही. पीएफसेन्समध्ये स्टेट्स रीसेट करा आणि पुन्हा तपासा. उलटही घडतं: सगळं चालतंय म्हणून घरी गेलात, रात्री फायरवॉल रीस्टार्ट झाला, आणि सकाळी डेटाबेस जोडत नाही. म्हणून रीसेट करूनच निघा.

बाहेरूनही एकदा, मोबाइलच्या डेटावरून. ४४३ आणि ८० सोडून काही दिसता कामा नये.

## ८. चालू झाल्यावर

प्रत्येक नियमाच्या वर्णनात कोणासाठी, कधी, कोणी सांगितलं ते लिहा. ‘टेम्प’ नावाचा नियम दिसला की त्याला तारीख मागा.

ओसरीचे आणि फायरवॉलचे लॉग ओसरीबाहेरच्या मशीनवर जाऊ द्या. त्यासाठी तिसऱ्या नियमाखाली आणखी एक ओळ लागेल: वेब सर्व्हरकडून लॉग सर्व्हरला ५१४, एवढंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळांचं मनावर घ्या. फायरवॉल आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असला तर आधी काय घडलं तेच कळत नाही.

क्लाउडवर असाल तर स्विच नाही, बाकी विचार हाच. एडब्ल्यूएसमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये) लोड बॅलन्सर, म्हणजे मागण्या सर्व्हरांत वाटणारा, पब्लिक सबनेटमध्ये, वेब सर्व्हर आणि डेटाबेस प्रायव्हेटमध्ये. डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (तिथल्या फायरवॉल नियमांच्या संचात) आयपी टाकण्यापेक्षा वेब सर्व्हरचा ग्रुपच ‘सोर्स’ म्हणून द्या. नवीन ग्रुपला बाहेर जायची पूर्ण मोकळीक आधीपासून असते, ती हाताने काढा.

आणि सर्व्हर फुटलाच तर पॉवरची वायर उपटू नका, मशीन बंदही करू नका; मेमरीतला पुरावा जातो. फायरवॉलवर ओसरीसाठी एक ‘सगळं बंद’ नियम आधीच लिहून, निष्क्रिय करून वर ठेवा. वॅनकडून ओसरीत येण्यासाठीही तसाच एक. वेळ आली की दोन्ही चालू करायचे आणि स्टेट्स रीसेट करायच्या. कोणत्या पानावर, कितवा नियम, हे कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा, कारण तुम्ही त्या दिवशी रजेवर असाल आणि ते काम स्टोअरमधल्या कोणाला तरी फोनवर सांगून करून घ्यावं लागेल.